खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे वेदनाशमन : कोणता ब्लॉक, कोणासाठी?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बधिरीकरण विभागाच्या वतीने विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत बधिरीकरण विभागाने बोलावे असा प्रघात नाही. शस्त्रक्रिया म्हटली की शल्यचिकित्सकाचे नाव लक्षात राहते. भूल कोणी दिली हे रुग्णाला बहुधा आठवत नाही, आणि आमचे काम नीट झाले असेल तर ते आठवण्याचे कारणही नसते. तरीही या वर्षी विश्वस्तांनी आम्हांस एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्यास सांगितले आहे. प्रश्न देणगीदारांकडून आलेला आहे. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस वेदना जाणवू न देणारे पंप आणि महागडी औषधे मोठ्या शहरांत वापरली जातात. त्यासाठी लागणारी रक्कम देण्याची काहींची तयारी आहे. मग कंधारच्या रुग्णाला ती का मिळू नयेत? प्रश्न आपुलकीने विचारलेला आहे, तेव्हा उत्तरही मोकळेपणाने द्यावयास हवे.

खांद्याचे दुखणे इतर दुखण्यांहून निराळे असते. पायाचे हाड बसविल्यावर पाय उशीवर ठेवून स्वस्थ पडता येते. खांद्याला तशी विश्रांती नाही. कूस बदलली, खोकला आला, अंथरुणातून उठण्यासाठी नुसता कोपर टेकविला, तरी तो ओढला जातो. रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो, म्हणून पहिल्या एक-दोन रात्री कित्येक रुग्ण भिंतीला टेकून बसूनच काढतात. खांद्याच्या स्नायुबंधांची शिवण ही अस्थिरोगशास्त्रातील अतिशय वेदनादायी शस्त्रक्रियांमध्ये गणली जाते. दुखते म्हणून रुग्ण हात हलवीत नाही, हलवीत नाही म्हणून सांधा आखडतो, आणि मधुमेह असेल तर तो अधिकच लवकर आखडतो. पहिल्या आठवड्यातील वेदना नीट आवरली नाही तर सहा महिन्यांनी डोक्यावरचा पदर सावरता येत नाही की उंच फडताळावरचा डबा काढता येत नाही. वेदनाशमन ही चैन नव्हे, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

आपल्या भागात खांद्याचे रुग्ण तीन प्रकारचे येतात. मोटारसायकलवरून पडून सांधा निखळलेले किंवा हाड मोडलेले तरुण. ओसरीत पाय घसरून दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडलेल्या वयस्कर स्त्रिया. आणि आयुष्यभर पोती वाहून खांद्याचे स्नायुबंध झिजलेले श्रमिक. यांतील तिसऱ्या प्रकारच्या, दुर्बिणीने करावयाच्या शस्त्रक्रिया नांदेड, लातूर अथवा पुण्याला होतात. हाड जोडण्याच्या शस्त्रक्रिया बाहेरून येणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या साहाय्याने येथे होतात. कोठेही झाली तरी पहिल्या रात्रीचा प्रश्न तोच असतो.

गोळ्या आणि इंजेक्शने यांचा पाया तर हवाच. पॅरासिटामॉल, आणि मूत्रपिंड व जठर ठीक असेल तर डायक्लोफिनॅकसारखे औषध, हे ठरावीक वेळेला, दुखण्याची वाट न पाहता द्यावयाचे असते. त्यापुढची पायरी अफूजन्य औषधांची. ती मळमळ आणतात, गुंगी आणतात, वृद्धांचा श्वास मंदावतात. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या नियमांमुळे लहान गावांतील रुग्णालयांना मॉर्फीन बाळगणे दीर्घकाळ जिकिरीचे होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ सुकर झाली. तरीही केवळ या औषधांवर खांद्याची रात्र निभावणे कठीणच. म्हणून मज्जातंतूलाच काही तास बधिर करून वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचू न देण्याची पद्धत वापरली जाते. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो.

ही कल्पना नवी नाही. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखविले आणि त्यानंतर थोड्याच काळात न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी तेच औषध मज्जातंतूंभोवती टोचून पाहिले. खांद्यासाठी आज सर्वत्र परिचित असलेला ब्लॉक मात्र अलीकडचा, १९७० साली अमेरिकेतील अलॉन विनी यांनी वर्णिलेला. मानेच्या बाजूला स्केलिन नावाचे दोन स्नायू एकापाठोपाठ असतात. त्यांच्यामधल्या फटीतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा बाहेर पडतो. त्या फटीत औषध सोडले की खांदा, दंड आणि हाताचा बराच भाग बधिर होतो. यालाच इंटरस्केलिन ब्लॉक म्हणतात. पूर्वी तो बोटांनी चाचपून, हाताला मुंग्या आल्या की सुई जागेवर आली असे समजून दिला जाई. पुढे विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू उडतो का ते पाहत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायू, रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि सुईचे टोक प्रत्यक्ष पाहत दिला जातो.

वेदनाशमनाच्या दृष्टीने हा ब्लॉक उत्तम आहे, याविषयी वाद नाही. २०१५ साली २३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ब्लॉक दिलेल्या रुग्णांना पहिले सहा ते आठ तास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी वेदना झाल्या आणि अफूजन्य औषधेही कमी लागली, असे त्यात दिसले. मग अडचण कोठे आहे?

अडचण दोन मिलिमीटरची आहे. पोटाला व छातीला वेगळे करणारा, श्वास घेताना खाली सरकणारा जो स्नायूचा पडदा, ते श्वासपटल. त्याला चालविणारी फ्रेनिक नावाची मज्जा मानेतूनच निघते आणि त्या दोन स्केलिन स्नायूंपैकी पुढच्या स्नायूवरून खाली उतरते. घाटीच्या खालच्या कूर्चेच्या पातळीवर ती हाताच्या मज्जातंतूंपासून जेमतेम २ मिलिमीटर अंतरावर असते. औषध पाण्यासारखे पसरते. त्याने खांद्याचा मज्जातंतू तेवढा निवडावा आणि दोन मिलिमीटरवरच्या शेजाऱ्याला सोडून द्यावे, ही अपेक्षा व्यर्थ. १९९१ साली विल्यम अर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या मात्रेत इंटरस्केलिन ब्लॉक दिलेल्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्या बाजूचे श्वासपटल झाडून सर्व रुग्णांत लुळे पडलेले आढळले. छातीतून जोराने बाहेर सोडता येणारी हवा त्यामुळे एक चतुर्थांशाहून अधिक घटते, हेही त्यांनी लगेच पुढच्या वर्षी दाखविले. परिणाम तात्पुरता असतो, औषध उतरले की श्वासपटल पुन्हा चालू लागते. पंचवीस वर्षांच्या धडधाकट तरुणाला तो बहुधा कळतही नाही. एका बाजूचे श्वासपटल थांबले तरी दुसरी बाजू काम भागविते. त्याचा आवाज काही तास बसतो, एक पापणी खाली येते, एवढेच नातेवाइकांच्या नजरेला पडते आणि ते घाबरतात. त्यात घाबरण्याजोगे काही नसते.

पण ओसरीत पडलेल्या त्या वयस्कर बाईंचे काय? त्यांनी बिडी ओढलेली नसते, म्हणून घरचे लोक फुप्फुसे चांगली असल्याचे सांगतात. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसे चांगली असतीलच असे नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासमवेत २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या दीर्घकालीन श्वासरोगावर लिहिले, त्यात लाकूड, गोवऱ्या, पिकांचा काडीकचरा यांचा घरातील धूर हे जगभरातील एक मोठे कारण असल्याचे मांडले आहे. अलीकडे गॅसच्या शेगड्या घरोघरी आल्या, तरी फुप्फुसांचे झालेले नुकसान शेगडीने भरून येत नाही. अशा बाईंच्या श्वासाची शिल्लक आधीच थोडी. त्यातील एक चतुर्थांश आम्ही वेदनाशमनासाठी खर्ची घातली, तर ठणका थांबेल आणि दम लागेल. पुण्यात असे झाले तर शेजारच्या अतिदक्षता कक्षात रात्र काढता येते. येथे कृत्रिम श्वासयंत्रावर रुग्णाला रात्रभर ठेवण्याची सोय नाही. लोह्यावरून नांदेड गाठावे लागते, आणि ते अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास आहे. आमच्या निवडीचा सारा विचार या पन्नास किलोमीटरांपासून सुरू होतो.

या ठिकाणी थोडे विषयांतर करण्याची अनुज्ञा असावी. आपला कंधार तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे ज्येष्ठांना सांगावयास नको. त्याच संस्थानाच्या राजधानीत बधिरीकरणशास्त्राच्या इतिहासातील एक गाजलेला वाद लढला गेला. क्लोरोफॉर्मने दगावणारा रुग्ण हृदय थांबून दगावतो की श्वास थांबून, हा तो वाद. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की नाडीकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. त्यांच्या आग्रहावरून १८८८ आणि १८८९ साली दोन हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्यासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसा दिला, लंडनहून 'द लॅन्सेट'ने डॉ. लॉडर ब्रंटन यांना पाठविले आणि चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. तेथील वैद्यकीय विद्यालयात शिकलेल्या, जगातील पहिल्या स्त्री-बधिरीकरणतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी याच परंपरेतल्या. क्लोरोफॉर्म हृदयाला थेट इजा करीत नाही हा आयोगाचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रयोगांनी तो खोडून काढला. मात्र भूल देणाऱ्याने क्षणभरही श्वासावरून नजर हलवू नये, हा लॉरींचा आग्रह आजही प्रत्येक शस्त्रक्रियागृहात पाळला जातो. संस्थानच्या खजिन्यातून, म्हणजे कोठे तरी आपल्या पूर्वजांच्या शेतसाऱ्यातूनही, जे शिक्षण विकत घेतले गेले ते येथे विसरले जाऊ नये, असे आम्हांस वाटते.

श्वासाची किंमत न देता खांद्याची वेदना थांबविता येते का, हा गेल्या पंधरा-वीस वर्षांत या शाखेतील मुख्य प्रश्न बनला आहे. पहिला उपाय अगदी साधा, औषध कमी वापरण्याचा. सोनोग्राफीमुळे नेमक्या जागी थोडेच औषध सोडता येते. टोरांटो येथील २००८ च्या एका अभ्यासात २० मिलिलिटरऐवजी ५ मिलिलिटर औषध दिले, तेव्हा वेदनाशमन जवळपास तसेच राहिले आणि श्वासपटल लुळे पडण्याचे प्रमाण शंभर टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे. परंतु जवळजवळ दर दोघांत एकाचे श्वासपटल तरीही थांबतेच, आणि तो एक कोण हे आधी सांगता येत नाही.

दुसरा उपाय जागा बदलण्याचा. फ्रेनिक मज्जा आणि हाताचे मज्जातंतू वर मानेत चिकटून असले तरी खाली उतरताना एकमेकांपासून दुरावतात. प्रत्येक सेंटीमीटरमागे सुमारे ३ मिलिमीटरने. म्हणून थोडे खाली, जेथे खांद्याकडचे दोन मुळांचे तंतू एकत्र येऊन एक खोड बनते, तेथे औषध द्यावयाचे. याला सुपीरियर ट्रंक ब्लॉक म्हणतात. २०१९ साली न्यूयॉर्क आणि दक्षिण कोरिया येथून प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांत त्याची इंटरस्केलिन ब्लॉकशी तुलना झाली. वेदनाशमनात तो उणा पडला नाही. श्वासपटल संपूर्ण लुळे पडण्याचे प्रमाण मात्र दोन्ही ठिकाणी सत्तर टक्क्यांच्या घरातून पाच टक्क्यांच्या आसपास उतरले. अंशतः मंदावणे पुष्कळांत उरले, हेही सांगावयास हवे. निरोगी फुप्फुसाच्या रुग्णासाठी आज आमचा कल या ब्लॉककडे आहे.

तिसरा मार्ग मानेपासून आणखी दूर नेतो. खांद्याच्या सांध्याची सुमारे सत्तर टक्के संवेदना सुप्रास्कॅप्युलर नावाची एकच मज्जा वाहून नेते. पाठीवरच्या पंखासारख्या चपट्या हाडाच्या वरच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून ती जाते. तेथे तिला बधिर करण्याची पद्धत १९४१ सालापासून माहीत आहे, परंतु तिचा उपयोग मुख्यतः जुनाट खांदेदुखीसाठी होई. उरलेल्या संवेदनेचा मोठा वाटा काखेजवळच्या ॲक्झिलरी मज्जेचा. दोन्ही मज्जा दोन वेगळ्या टोचण्यांनी बधिर करून शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी जोडीने वापरण्याची रीत २००७ साली ऑस्ट्रेलियातील डॅरेन प्राइस यांनी मांडली. फ्रेनिक मज्जा येथून इतकी दूर असते की श्वासपटलाचा प्रश्नच येत नाही. शिवाय मनगट व बोटे मोकळी राहतात. रुग्ण त्याच संध्याकाळी त्या हाताने पेला धरू शकतो. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धेला याचे मोल फार आहे.

मग उणीव काय? शुद्धीवर आल्यानंतरचा पहिला तास. २०१७ साली १६ अभ्यासांतील हजाराहून अधिक रुग्णांचा आढावा घेतला गेला, त्यात सुप्रास्कॅप्युलर ब्लॉक घेतलेल्यांना त्या पहिल्या तासात इंटरस्केलिनपेक्षा थोडी अधिक वेदना झाली. पुढे दोन्ही गट सारखे झाले. २०१८ साली सिॲटल येथे १८९ रुग्णांवर झालेला अभ्यास अधिक बोलका आहे. तेथे सुप्रास्कॅप्युलर मज्जा पुढून, मानेच्या पायथ्याशी बधिर केली होती. वेदनाशमन तोडीस तोड राहिले, आणि फुप्फुसांची क्षमता सुप्रास्कॅप्युलर गटात मूळच्या सुमारे ९० टक्के टिकली, तर इंटरस्केलिन गटात ती ६७ टक्क्यांच्या आसपास खाली गेली. रुग्णाला पहिल्या तासात थोडे अधिक दुखले, तर आम्ही शेजारी उभे असतो आणि शिरेतून औषध देऊ शकतो. मध्यरात्री लागलेल्या धापेवर मात्र आमच्याजवळ तितका हुकमी इलाज नाही. म्हणून दमेकरी, चुलीच्या धुराने किंवा बिडीने फुप्फुसे क्षीण झालेले, अतिस्थूल, किंवा दुसऱ्या बाजूचे फुप्फुस पूर्वीच्या क्षयरोगाने निकामी झालेले, अशा रुग्णांना आम्ही हा दुहेरी ब्लॉक देतो. त्यांच्या नातेवाइकांपैकी कोणी म्हणते, "शेजारच्या खाटेवरच्या पोराला काहीच दुखले नाही, आमच्या आईला मात्र थोडे दुखले." ते खरे असते. आईला थोडे दुखू दिले, कारण तिचा श्वास आम्हांला अधिक मोलाचा वाटला.

आता पंपाकडे येऊ. ब्लॉक एकदाच टोचला तर दहा-पंधरा तास पुरतो. मज्जातंतूजवळ केसासारखी बारीक नळी ठेवून तिच्यातून थेंब थेंब औषध सोडले तर दोन-तीन दिवस निघतात, आणि जेथे व्यवस्था आहे तेथे ही पद्धत उत्कृष्ट आहे. परंतु मानेजवळची नळी निसटते, भिजते, कधी सरकून नको तेथे जाते. तिच्यावर रात्रंदिवस प्रशिक्षित परिचारिकेची नजर हवी, आणि पंप घेऊन घरी गेलेल्या रुग्णाला दूरध्वनीवर विचारपूस करणारा डॉक्टर हवा. आमच्याकडे रात्रपाळीला एक परिचारिका संपूर्ण कक्ष सांभाळते. तिच्यावर आणखी चार पंपांचा भार टाकणे रुग्णांच्या हिताचे होणार नाही. खांद्याच्या सांध्यातच नळी ठेवून औषध सोडणारे पंपही एके काळी परदेशात खपले. त्यांनी तरुणांच्या सांध्यातील कूर्चा झिजून गेल्याचे आढळले, २००९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला आणि ती पद्धत मागे पडली. नवे आणि महाग ते चांगले, असे गृहीत धरू नये यासाठी हे उदाहरण पुरे.

चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या दीर्घकालीन ब्युपिव्हाकेनचीही विचारणा झाली होती. अमेरिकेत २०१८ साली इंटरस्केलिन ब्लॉकसाठी त्याला परवानगी मिळाली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मात्र साध्या ब्युपिव्हाकेनपेक्षा त्याचा रुग्णाला जाणवेल असा लाभ आढळला नाही. साधे ब्युपिव्हाकेन १९५७ साली तयार झाले. ते स्वस्त आहे आणि सर्वत्र मिळते. त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन दिले तर परिणाम लांबतो. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो सुमारे १५ तासांवरून सुमारे २२ तासांवर गेला. तेच डेक्सामेथासोन शिरेतून दिले तरी बराचसा लाभ मिळतो, म्हणून आम्ही ते बहुधा शिरेतून देतो. मधुमेही रुग्णाची साखर दुसऱ्या दिवशी चढते, तेवढे सांभाळावे लागते. हजारोंच्या औषधाने जे साधत नाही ते पुष्कळसे या जुन्या औषधाने साधते, हे देणगीदारांना सांगताना आम्हांस संकोच वाटत नाही.

तर मग देणगी कशासाठी? सोनोग्राफीचे यंत्र आहे, पण उथळ मज्जातंतू स्पष्ट दाखविणारा सपाट प्रोब शस्त्रक्रियागृहासाठी स्वतंत्र हवा. येथे एक खुलासा करतो. यंत्र गर्भाच्या तपासणीसाठी वापरले जात नसले तरी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली त्याची नोंदणी अनिवार्य आहे. म्हणून "ते यंत्र गाडीत घालून आमच्या गावच्या शिबिराला आणा" ही प्रेमाची विनंती आम्हांस मान्य करता येत नाही. दुसरी गरज २० टक्के लिपिड द्रावणाच्या बाटल्यांची. बधिर करणारे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले तर झटके येतात, हृदय थांबू शकते. अशा वेळी हे चरबीचे द्रावण शिरेतून दिल्याने रुग्ण वाचतात, हे २००६ पासून अनेक ठिकाणी दिसून आले आहे. बाटल्या बहुधा न उघडताच मुदतबाह्य होतील आणि त्या बदलाव्या लागतील. हा खर्च लेखापरीक्षकांना निष्फळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून विश्वस्तांच्या कानावर आधीच घालून ठेवतो. तिसरी गरज आणखी एका रात्रपाळीच्या परिचारिकेच्या वेतनाची, आणि खाटेजवळ रक्तातील प्राणवायू मोजत राहणाऱ्या दोन यंत्रांची. तिच्यावर फलक लावून देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

आणखी एक गोष्ट रुग्णांना विचित्र वाटते. मानेत सुई टोचताना आम्ही रुग्णाला जागे ठेवतो. "आधी झोपवा, मग टोचा" अशी विनंती जवळजवळ प्रत्येक जण करतो. २००० साली अमेरिकेतील जोनाथन बेनुमॉफ यांनी चार रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पूर्ण भूल दिलेल्या अवस्थेत इंटरस्केलिन ब्लॉक देताना त्यांच्या मज्जारज्जूला कायमची इजा झाली होती. जागा रुग्ण "येथे फार कळ आली" असे सांगू शकतो, आणि सुई तेथेच थांबते. पडद्यावर चित्र दिसत असले तरी रुग्णाच्या तोंडचा शब्द आम्हांला हवा असतो.

शेवटी नातेवाइकांसाठी थोडे, कारण पहिली रात्र ते काढतात, आम्ही नाही. ब्लॉक उतरताना वेदना हळूहळू येत नाही, उसळून येते. ज्या आढाव्याचा उल्लेख केला त्यातही सोळा ते चोवीस तासांच्या सुमारास ब्लॉक घेतलेल्यांची वेदना इतरांपेक्षा वाढलेली दिसते. सकाळी शस्त्रक्रिया झाली असेल तर ही वेळ नेमकी मध्यरात्रीनंतरची, म्हणजे घरात सर्वत्र निजानीज झालेली. "संध्याकाळी चांगले हसत होते, आता ओरडताहेत, टाका तुटला की काय," असे दूरध्वनी आम्हांला याच वेळी येतात. टाका तुटलेला नसतो. म्हणून दुखत नसले तरी रात्री झोपण्यापूर्वीची गोळी चुकवू नये. हात अजून बधिर असतानाच ती पोटात गेली पाहिजे. पाठीला उशा लावून अर्धवट बसते झोपवावे. बधिर हात गळ्यातल्या झोळीतून काढू नये, तो चुलीजवळ, गरम पाण्याच्या पिशवीजवळ किंवा दाराच्या फटीत जाणार नाही असे पाहावे, कारण भाजले तरी रुग्णाला कळणार नाही. आवाज बसला, पापणी जड झाली तर वाट पाहावी. धाप लागली, ओठ निळसर झाले किंवा वाक्य एका दमात पुरे करता येईना, तर वाट पाहू नये; तडक रुग्णालयात आणावे. दुसऱ्या दिवशी, सुमारे छत्तीस तास उलटल्यावरही बोटे बधिर असतील, तर तेही आम्हांस कळवावे.

आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आम्ही तपासावयास येऊ तेव्हा जिना चढताना दम लागतो का, पूर्वी क्षयाची औषधे घेतली होती का, स्वयंपाक किती वर्षे चुलीवर केला, असे प्रश्न विचारू. खांद्याशी यांचा काय संबंध असे वाटेल. छातीचे जुने फोटो ट्रंकेत पडलेले असतील तर सोबत आणावेत, आणि उत्तर आजीला स्वतःला देऊ द्यावे. सुनेने किंवा मुलाने तिच्या वतीने देऊ नये.